भाऊबिजेनंतरची लंका

लंकेचा विषय आमच्या घरात आणला तो खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने. ती कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. विहारातल्या मंडळींबरोबर ती अनुराधापूरला जाऊन आली आणि आठवड्याभराने फोटो दाखवायला वर आली. मोबाईलवर बोट सरकवत ती सांगत होती. हा बोधिवृक्ष, हा स्तूप, ही पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांची रांग. मध्येच एक फोटो नुसत्या नारळीच्या झाडांचा आणि समुद्राचा आला. तो ती पटकन पुढे सरकवणार होती. "थांबा थांबा," माझे यजमान म्हणाले. "हे कुठलं?"

"असंच वाटेत गाडी थांबली होती तेव्हाचं."

त्यांनी चष्मा वर करून तो फोटो बराच वेळ पाहिला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते, आणि मला तेव्हाच कळलं की आता हे काहीतरी काढणार.

हे भोर एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक होते. खिडकीमागे बसून गाड्या सोडायच्या, माईकवरून पुकारायच्या, उशीर झाला तर लोकांच्या शिव्या खायच्या. त्याच वर्षी निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतरही सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते स्थानकावर एक चक्कर मारून येत. मला अजून नोकरीची काही वर्षं होती. महाडच्या रस्त्याला, धरणाच्या पाण्याच्या कडेने गेलं की एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी स्कूटीवरून तिथे जाते.

आणि आतल्या खोलीत आबा होते. माझे सासरे.

आबांचं सगळं आयुष्य वेल्ह्याकडे गेलं. पालीच्या अलीकडे, राजगडाच्या पायथ्याला आमचं गाव. भातशेती, दोन म्हशी, थोडी नाचणी. सासूबाई गेल्यावरही ते एकटेच राहायचे, भोरला या म्हटलं की "हितं काय वाईट हाय" म्हणायचे. मग अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, जरा जड झालं इतकंच. आम्ही त्यांना भोरला आणलं आणि हॉलमागच्या खोलीत खाट टाकली.

आजारी माणसाचं करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही. सकाळी त्यांना पुसून काढायचं, पाठीला पावडर लावायची, मऊ भात भरवायचा, मग शाळा. आल्यावर पुन्हा तेच. दर काही तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही, म्हणून मी त्यांच्या खाटेशेजारीच झोपायची. उचलायला हे हात लावत, पण पुसणं, भरवणं, चादरी, कपडे हे माझ्याकडे आलं. कुणी ठरवलं नव्हतं, ते आलंच. मुलगी नाशिकला, तिचं बाळ लहान. तिच्याकडे काही मागायची सोय नव्हती.

अशा घरात लंकेचा दौरा आखायला सुरुवात झाली.

संध्याकाळी मी आबांच्या पायाला तेल चोळत असायची आणि हे दाराशी खुर्ची टाकून मोबाईलमधला नकाशा बघायचे. आवाज हळू ठेवायचे, आबांना झोप लागली असं समजून. "कोलंबोला उतरायचं. एक मुक्काम. तिथून गाडी सुटली की किनाऱ्याकिनाऱ्याने गॉलचा किल्ला. मध्ये समुद्रावर थांबा. मग वर कँडी. कँडीहून आगगाडी लागते ती थेट चहाच्या मळ्यात. तिथून खाली उतरायचं, खेडेगावात राहायचं, अनुराधापूर बघायचं, की परत कोलंबो." सगळं एसटीच्या भाषेत. कुठली गाडी कुठे लागते, कुठून सुटते, कुठे किती थांबते. कधी मधला थांबा गळायचा, कधी नवा जोडला जायचा. आगगाडीत उजवीकडे बसायचं की डावीकडे, हेसुद्धा त्यांनी शोधून काढलं.

"तुला आधी समुद्र हवा की आधी डोंगर?" ते विचारायचे.

"काहीही."

"काहीही काय? सांग की."

मला खरंच सांगता यायचं नाही. डोळ्यासमोर ना समुद्र यायचा ना डोंगर. यायची ती एक खोली, जिथे मला कुणी हाक मारत नाही. पण हे कुठल्या नकाशावर दाखवायचं? मी म्हणायची, "आधी समुद्र." मग ते खूश होऊन पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालायचे.

आबांना कोण बघणार, हे आमच्यात कुणी बोलत नव्हतं. जितकं ते बोललं जात नव्हतं तितका दौरा बारीक होत चालला होता. पासपोर्ट आले. एका मे महिन्याच्या सुट्टीत जायचं पक्कं झालं. आबांसाठी एक बाई ठेवली. ती थोडे दिवस आली आणि एका सकाळी आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, मला नाही जमत हो म्हातारं माणूस उचलायला." त्याच आठवड्यात आबांच्या छातीत कफ झाला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तिकिटं गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात हे म्हणाले, "रद्द नाही. उशिरा सुटेल." मी हसले. मग मला रडू आलं, आणि मी पाण्याची बाटली भरायला म्हणून उठले.

आबा बरे होऊन घरी आले, आणि पावसाळ्याच्या एका संध्याकाळी, हे कँडीपर्यंत आले असताना, खाटेवरून आवाज आला.

"कुटं निघालाय रं तुमी?"

आम्ही दोघंही दचकलो. आबा जागे होते. बहुधा रोजच जागे असत.

"कुठं नाही, आबा," हे म्हणाले.

"कुटं न्हाई कसं? रोज ऐकतोय म्या. ती कँडी का काय."

मग सांगावं लागलं. श्रीलंका, म्हणजे आपली लंका. आबांनी मान आमच्याकडे वळवली. "रावणाची?"

"तीच."

"मंग तितं काय बघायचं?"

यांनी सगळं सांगितलं. शहर, किल्ला, समुद्र, चहा. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भात हाय का तितं?"

"असेल. भातच खातात ते."

"मंग शेत बघा. हाटेलं काय बघायची. हाटेलं सारोळ्याच्या हायवेला रग्गड हायत."

त्या दिवसापासून आबाही दौऱ्यात आले. शाळेतून येऊन मी त्यांना चहा पाजायला बसले की विचारायचे, "आज कुटवर पोचला?" मी म्हणायची, "अजून घरातच आहोत, आबा." यांना विचारलं तर हे तपशिलाने सांगायचे. आबांना समुद्रात रस नव्हता. त्यांना हवं होतं की त्या खेडेगावात दोन रात्री राहावं, एका रात्रीत शेत कळत नाही. यांनी एक मुक्काम वाढवला. मग चहाच्या मळ्यातला एक कमी करावा लागला, त्यावर बापलेकांचा वाद झाला. मी ऐकत उभी होते, हातात मळक्या चादरी. मला वाटलं, हे दोघे गेलेच की लंकेला. घरात मी एकटीच राहिलेय.

दसऱ्याच्या आसपास शेजारीण पुन्हा वर आली. आबांशी तिचं चांगलं जमायचं. मी दळणाला वगैरे गेले की ती त्यांच्याजवळ बसायची. त्या दिवशी ती हॉलमध्ये चहा घेत होती, खोलीचं दार उघडं होतं. तिने सहज विचारलं, "मग तुमची लंका कधी?"

"बघू," हे म्हणाले. "आबांचं एकदा..."

आणि थांबले.

शेजारणीने कप खाली ठेवला. मी यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याही मनात हे वाक्य होतं, अख्खं, शेवटच्या शब्दापर्यंत. माझ्या तोंडून निघालं नव्हतं एवढंच.

आतून आबांचा जड आवाज आला. "आबांचं एकदा झालं की. बोल की पुढं. म्या काय परका हाय?"

हे उठले, चपला घातल्या आणि खाली उतरून गेले. स्थानकावरच गेले असणार, ते दुसरीकडे कुठे जात नाहीत. शेजारीण माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली. मी आत गेले. आबा छताकडे बघत होते.

"रागावलात का, आबा?"

"राग कशाचा? माणसाला कुटंतरी जावंसं वाटतंय. मला बी जायचंय, पर माझं काय माझ्या हातात हाय? तुमचं तुमच्या हातात हाय." मग उजवा हात हलवून म्हणाले, "पोरीला फोन लाव."

पोरगी म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. सारोळ्याला, नीरेच्या पुलाच्या अलीकडे त्यांचं घर. दाजी शेती बघतात आणि हायवेच्या कडेला अक्कांची भेळेची गाडी. मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि आबांच्या उशीशी धरला. पलीकडून ट्रकचे आवाज.

"मला चार दिस तुझ्याकडं ने," आबा म्हणाले. "ह्यांना लंकेला जायचंय."

अक्कांनी गाडीवरच्या गिऱ्हाइकाला थांब म्हटलं. मग म्हणाल्या, "फोन तिच्याकडं दे."

मी स्पीकर बंद करून बाहेर गॅलरीत आले.

"लंकेला?"

"हो."

"काय काम हाय तितं?"

"काम काही नाही, अक्का."

"मंग?"

त्याच पुढे बोलल्या. "माझं गुडघं बघितलंस का तू? दिवसभर गाडीवर हुबी ऱ्हाते म्या. घरी येऊन पुन्हा चूल हायच. तुला शाळेला सुट्टी आसती. मला कुणी दिलीय सुट्टी? मला कुणी जेजुरीच्या पल्याड न्हेलं न्हाई आजवर."

"नाही नेलं," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मंग कशाला विचारता मला?"

"मी नाही विचारलं, अक्का. आबांनी विचारलं." आणि मग, मला म्हणायचं नव्हतं तरी, तोंडातून निघून गेलं. "मी दमलेय, अक्का. लई दमलेय."

मी सहसा तशी बोलत नाही. इतकी वर्षं भोरमध्ये राहून, शाळेत शिकवून माझं बोलणं पुस्तकी झालंय असं अक्काच म्हणतात. पण माझं माहेर गुंजवणीच्या काठचं, आणि त्या क्षणी तिथलंच बोलणं वर आलं. पलीकडे एक मोठा ट्रक गेला. तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

"दिवाळी झाली की आणा त्यांना," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भाऊबिजेला हे दरवर्षी सारोळ्याला जातात. यंदा ओळखीच्या माणसाची मोठी गाडी केली, पुढची सीट मागे सरकवून आबांना बसवलं, शालीने बांधलं. भोर सोडल्यावर आबा खिडकीबाहेर बघू लागले. आजारी पडल्यापासून दवाखान्याशिवाय त्यांनी काही पाहिलं नव्हतं. शेतं निम्मी कापून झाली होती, भाताचे भारे पडले होते. "ह्यानं आदी कापला," "ह्याचा पडला बग पावसानं," असं ते एकेका शेताला म्हणत होते. जीभ जड, पण वाटभर बोलणं थांबलं नाही.

अक्कांच्या घरी खाट लावून ठेवलेली होती. खिडकीतून हायवे दिसत होता. यांना पाटावर बसवून अक्कांनी ओवाळलं, आणि ताट खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊबिजेला लोकांचे भाऊ साडी आणत्यात. माझ्या भावानं बाप आणला."

सगळे हसले. आबा सगळ्यात जास्त. हे मात्र खाली मान घालून पाटावरून उठले.

मी अक्कांना सगळं दाखवलं. उशी कुठे ठेवायची, कूस कशी बदलायची, टाच कुठे टेकू द्यायची नाही. त्या म्हणाल्या, "सांग सांग. माझाच बाप हाय, पर सांग." निम्मं त्यांनी ऐकलं, निम्म्या वेळी त्यांचं लक्ष दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे होतं. निघताना आबांनी मला डोळ्यांनीच जा म्हटलं.

मुंबईहून विमान. कोलंबोला उतरलो तेव्हा भिजल्यासारखी हवा होती. यांचा पहिला दिवस आखलेला होता. बाजार, एक मोठं देऊळ, संध्याकाळी समुद्राकाठचं मैदान. मी बरोबर फिरले. काय पाहिलं ते विचाराल तर मला फारसं सांगता येणार नाही. समुद्राकाठी एका बाकावर टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. जागी झाले तर हे माझी पर्स धरून शेजारी बसले होते आणि सूर्य बुडून गेला होता. "उठवलं नाहीत?" मी विचारलं. "उठवत होतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने खाली गेलो. नारळीच्या झाडांत एका नवरा-बायकोचं घर होतं, त्यांनी दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण, अंगणाच्या कडेला समुद्र. मी खोलीत पिशवी ठेवली, पंखा लावला आणि आडवी झाले.

मी झोपले. जेवायला उठले, पुन्हा झोपले. मध्येच जाग यायची आणि हात आपोआप शेजारी जायचा, आबांना वळवायला. तिथे भिंत असायची. मग कळायचं की इथे कुणाला वळवायचं नाही. लाटांचा आवाज यायचा. घरमालकीण चहा ठेवून जायची आणि तो थंड व्हायचा.

किनाऱ्यावरचा मुक्काम संपला त्या सकाळी कँडीची गाडी दाराशी आली. यांनी बॅग भरून अंगणात ठेवली होती, पायात बूट घातले होते. मी ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते.

"चल," ते म्हणाले. "दुपारच्या आत घाट चढला पाहिजे."

"मी नाही येत."

त्यांना वाटलं, बाथरूमला जाऊन आल्याशिवाय मी निघत नाही. "ये जाऊन लवकर."

"तसं नाही. मी इथून हलणार नाही. तुम्ही जाऊन या."

"अगं, पुढचं सगळं ठरलंय. उद्याच्या आगगाडीची जागा आहे आपली."

"असू दे."

"दोन वर्षं," ते म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा, उलट खाली गेला. "दोन वर्षं बसून मी हे आखलं. कुणासाठी?"

"मला माहीत नाही कुणासाठी. माझ्यासाठी असेल तर मला इथे बसू द्या. मला पुन्हा बॅग भरायची नाही, गाडीत बसायचं नाही, कुठे पोचायचं नाही."

गाडीवाला बिचारा एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. हे बॅगेवर बसले. तसेच बसून राहिले, बूट घातलेले, समुद्राकडे पाठ करून. मला वाईट वाटलं. स्थानकावर ते कायम कुणाच्या तरी रागासमोर असेच बसलेले असत, मी पाहिलं होतं. पण मी उठले नाही. उठायला अंगात काही नव्हतंच. शेवटी त्यांनीच गाडी परत पाठवली, आत जाऊन पालथे पडले आणि दुपार कलेपर्यंत घोरत राहिले. तेही रात्री अपरात्री आबांना उचलायला उठत होते, हे मी त्या दोन वर्षांत धरलंच नव्हतं.

संध्याकाळी अक्कांचा फोन आला. त्यांनी आबांना दिला.

"डोंगर चढला का?" आबांनी विचारलं.

हे माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या ओठांवर चहाच्या मळ्याचं सगळं वर्णन आलं होतं, मला दिसलं. त्यांना ते पाठ होतं. मी फोन घेतला.

"नाही, आबा. आम्ही वर गेलोच नाही. समुद्राजवळच आहोत. मी नाही म्हणाले."

"का गं? बरं न्हाई का?"

"बरी आहे. नुसती झोपते."

पलीकडे ट्रक जात होते. मला वाटलं आबा चिडतील, दोन मुक्कामांसाठी ते यांच्याशी किती भांडले होते.

"झोप," आबा म्हणाले. "डोंगर हितं बी हायत."

दुसऱ्या दिवशी यांनीच घरमालकाला हातवाऱ्यांनी विचारलं की इथे भाताचं शेत कुठे आहे. त्याने आम्हाला त्याच्या रिक्षात बसवलं आणि समुद्राकडे पाठ करून आत नेलं. फार लांब नव्हतं. नारळी संपल्या आणि एकदम सपाट हिरवी खाचरं लागली, पाण्याने भरलेली, त्यात बोटभर उंचीची पोपटी रोपं. पांढरे बगळे. लांब कडेला रानातला एक छोटा स्तूप. आम्ही बांधावर उतरलो आणि यांनी सारोळ्याला व्हिडिओ कॉल लावला.

आबांचा चेहरा पडद्यावर आला, अर्धा उशीत. यांनी मोबाईल शेताकडे फिरवला.

"हे काय?" आबा ओरडले. "आत्ता लावणी? दिवाळीत?"

"इथे आत्ताच असते, आबा."

"आन् आपल्याकडं कापणी चाललीय! खाली धर, खाली. रोपं दाखव. लांबनं काय दिसतंय?"

हे बूट काढून चिखलात उतरले. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोबाईल रोपांच्या मुळाशी नेला. "वळी कुटं हायत?" आबा म्हणाले. "फेकलंय ह्यांनी बी. लावणी न्हाईच ही. कोण हाय मालक, बोलव त्याला."

एक लुंगीवाला माणूस बांधावरून आमच्याकडे येतच होता. हसत त्याने मोबाईलमध्ये डोकावलं. आबा त्याला मराठीत विचारू लागले, पाणी कुठून येतं, खेकडे बांध फोडतात का. तो त्याच्या भाषेत काहीतरी सांगू लागला, हाताने पाण्याची वाट दाखवू लागला. दोघं एकमेकांना न थांबवता बोलत होते. आबा मध्येच "व्हय, व्हय" म्हणत होते, जणू सगळं समजतंय. हे मध्ये उभे, मोबाईल धरून हात भरून आलेला. मी बांधावर बसले होते. मग पाऊस आला आणि आम्ही रिक्षाकडे पळालो.

दौऱ्यातलं जे काही झालं ते एवढंच. कँडी नाही, आगगाडी नाही, चहा नाही. उरलेले दिवस आम्ही त्याच ओसरीवर काढले. हे संध्याकाळी किनाऱ्याने चालून यायचे, आणि शेवटी शेवटी मीही त्यांच्याबरोबर थोडी चालले.

परत आलो ते थेट सारोळ्यालाच. आबा खूश होते, केस कापलेले, कपाळाला बुक्का. "त्या गड्याला चार पोरं हायत," त्यांनी मला सांगितलं. हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी हातपाय धुऊन आले आणि सवयीने त्यांना कुशीवर घेतलं. सदरा वर केला.

कमरेखाली, माकडहाडापाशी जखम झाली होती. लाल, मध्ये सोललेली, ओली.

मी वर पाहिलं तर अक्का दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी जखमेकडे. त्यांचे डोळे आत गेले होते, लुगड्याचा पदर खांद्यावरून घसरलेला. पायाला गुडघ्याखाली फडकं बांधलं होतं.

"म्या केलं जेवढं झालं तेवढं," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगातून सगळं निघून गेलं. समुद्र, झोप, सगळं. एका क्षणात मी पुन्हा तितकीच दमले जितकी जाताना होते. रागही आला, आणि कुणावर ते कळेना. आबांना पाठीत काय चाललंय ते नीट जाणवत नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून विचारत होते, "काय झालं? काय बगताय?"

"काही नाही, आबा. पाठ पुसते." मग मी म्हणाले, "अक्का, पाणी गरम करा. आणि स्वच्छ कापड द्या."

अक्का पाणी घेऊन आल्या. गुडघा वाकत नव्हता, म्हणून खाटेच्या कडेला हात टेकून खाली बसल्या. त्यांनी आबांना धरलं आणि मी जखम धुतली. मलमपट्टी झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तू हे दोन वर्षं करतीयस."

"हो."

"एकदा बी सांगितलं न्हाईस."

"काय सांगायचं होतं?"

त्या उठल्या, तसराळं उचललं आणि पाणी टाकायला बाहेर गेल्या.

जखम भरायला खूप दिवस लागले. भोरच्या दवाखान्यातली नर्स येऊन ड्रेसिंग करून जायची, सुट्टीच्या दिवशी मी करायची. यांनी बाजारातून हवेची गादी आणली, आणि सकाळचं पुसणं स्वतःकडे घेतलं. सुरुवातीला ते आबांना पुसून काढताना खोलीभर पाणी करायचे. आबा ओरडायचे. मी आत जात नव्हते.

लंकेबद्दल कुणी विचारलं तर हे "अर्धी राहिली" म्हणतात आणि विषय बदलतात. नकाशा ते आता बघत नाहीत. स्थानकावर जातात, परत येतात.

गेल्या मे महिन्यात अक्कांनी स्वतः फोन केला. "आणा त्यांना पंधरा दिस. सून हाय आता मदतीला."

"आम्ही कुठे जाणार नाही आहोत, अक्का," मी म्हणाले.

"मंग घरीच ऱ्हा की. कुटं जायलाच पायजे आसं हाय का?"

हे आबांना सारोळ्याला पोचवून तसेच गावी गेले, घराची कौलं शाकारायला. मी भोरला एकटी राहिले. दार लावलं. पहिला दिवस झोपून काढला, दुसऱ्या दिवशी घरातले सगळे पडदे काढून धुतले, आणि संध्याकाळी शेजारणीकडे जेवायला गेले.